उठण्याआधी

साडेपाचला गोडोलीत नळ येतो,
पण ह्यांना अजून उठायचं नाही.
आधी मोजे.
रक्त पायात उतरायच्या आत, आडव्यानंच चढवायचे,
असं शिंगटे डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलंय,
एकदा ह्यांना, एकदा माझ्याकडे बघून.

भांडी घासायचे रबरी हातमोजे घालते मी,
पोटरीला पावडर लावते,
मोजा टाचेपर्यंत उलटा करून
बोटांपासून वर, वर ओढत नेते.
सुरकुती राहिली तर दिवसभर काचते.
टाच मोठी हट्टी. टाचेपाशी आम्ही दोघं
रोज थोडं भांडतो.

चौतीस वर्षं हा माणूस उभा होता.
सातारा, मेढा, महाबळेश्वर.
केळघरच्या वळणांवर दांडीला हात न लावता
तिकिटं फाडायचा,
ओकणाऱ्या पोराला खिडकी मिळवून द्यायचा,
सुट्टे नसले की तिकिटामागं बाकी लिहायचा.
गाडी झुकायची, हा नाही.

आणि श्रावणात, मोरीच्या दारात,
गाडी नाही, वळण नाही,
नुसते खाटेवरून उठून चार पावलं गेले आणि
तारेवरून निसटलेल्या लेंग्यासारखे खाली आले.
बादलीची कडी अजून वाकडी आहे.
सरळ केली नाही मी.

झोपून एकशे अडतीस. उभं राहून अठ्ठ्याऐंशी.
बाई म्हणाल्या, उभं राहिलं की रक्त खाली साठतं,
वर चढायला वेळ लावतं.
"घाटात जुनी गाडी लावते तसा,"
हे म्हणाले, आणि तेव्हा कुठं त्यांना पटलं.

मोज्यांनंतर पट्टा. रुंद, पोटावरचा.
पहिल्या दिवशी मला जमेना,
ढिला बसायचा, वर सरकायचा.
मग हातांनाच काहीतरी आठवलं.
रहिमतपूरला, उर्मिलाच्या वेळी,
आईनं जुनं लुगडं फाडून माझं पोट बांधलं होतं.
"श्वास सोड," म्हणायची, सोडला की आवळायची.
बाहेर हे बर्फीचा पुडा घेऊन उभे,
आत यायची परवानगी नव्हती.

"श्वास सोडा," मी म्हणते.
सोडतात. आवळते.
"बाळंतीणच केलीस की माझी," म्हणतात,
आणि हसताना पट्टा परत सैल होतो.

मग खाटेच्या कडेला बसायचं, पाय खाली सोडून.
लगेच उठायचं नाही.
पेलाभर पाणी. मी तोंडाकडे बघत राहते,
ओठ पांढरे पडतायत का,
नजर कुठं लांब जातेय का.
सगळं ठीक वाटलं की रिकाम्या पेल्यावर
चमच्यानं दोनदा वाजवते.
एक घंटी थांबा. दोन घंट्या, चला.
लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनीच शिकवलेलं,
मागच्या सीटवर बसवून.

एखाद्या दिवशी एकदाच वाजवते.
तसेच बसतात मग, हात मांडीवर, कुरकुर न करता.
"आज कोण चढायचं राहिलंय?"
"रक्त," मी म्हणते.

दुपारी धुतलेली जोडी तारेवर असते,
कातडीच्या रंगाची, मांडीपर्यंतची,
यवतेश्वरावरून वारा आला की गुडघ्यात वाकते.
पुष्पलता निकम कुंपणावरून विचारते, कुणाचे गं?
माझे, सांगते मी.
ह्यांना आवडत नाही, लोकांनी विचारलेलं.