कडी

न्येवूला मी सांगायला बसलो
तिच्या रक्तात काय सापडलं ते.
किलिफीची खाडी, दवाखान्यामागचा आंबा,
खालून येणारा सुक्या मासळीचा वास.
गिर्यामा बोलीत प्रतिपिंडाला शब्द मला सापडेना.
स्वाहिलीतला आहे, पण तो फॉर्मवरचा;
तो ऐकला की माणसं मान डोलावतात
आणि काही विचारत नाहीत.

म्हणून म्हटलं, ऐका.
डासातून एक भाडेकरू येतो.
लाल पेशीत शिरतो, आतलं खातो,
आणि भिंतीबाहेर हात काढतो.
ओळख पटू नये म्हणून हातमोजे बदलत राहतो.
आपल्या पहारेकऱ्यांच्या छातीवर एक कडी असते,
ओढली की पहारेकरी गप्प बसतो.
ती सोय आपलीच,
घरातल्या घरात मारामारी नको म्हणून.
भाडेकरूला ती नेमकी सापडली.

न्येवू कसावा सोलत होती. सोलत राहिली.

मग तुमच्या रक्ताने काय केलं,
एकोणिसाव्या गुणसूत्रावरचा कडीचा तुकडा उचलला
आणि चौदाव्यावर नेऊन
प्रतिपिंडाच्या पार मधोमध बसवला.
कानशीने थोडा घासलाही,
घरचं कुणी त्यात अडकू नये इतपत.
शिवण वाकडी आहे. मी पडद्यावर पाहिली.
शहाणा शिंपी असं ठिगळ लावणार नाही.
पण बसलंय.
तो हातमोजे बदलो किती बदलायचे ते,
कडी ओढायची तर बोटं तशीच वाकवावी लागतात,
आणि बोटं वाकली
की कडीच त्याला धरते.

"कधी?"

मला कळलं नाही.

"हे केलं कधी? कुठल्या साली?
म्बेयू आणि मी एकाच चटईवर होतो.
ताप दोघींना.
मी उठले.
तेव्हा होतं का हे माझ्यात?"

शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये
तिची रांग पिवळीधमक झाली होती,
पाणी घालून घालून पातळ केलं तरी
शेवटच्या खळग्यापर्यंत पिवळी.
केव्हापासून पिवळी, ते प्लेटला माहीत नसतं.
रक्तावर तारीख नसते,
असं मी म्हटलं. हळू म्हटलं.

"असेल तर तिला का नाही दिलं?"

पोटात असताना दिलं असेल.
सहा महिने पुरतं ते, फार तर.

"ती चार वर्षांची होती."

सालं पाटीत. कसावा पाण्यात.
सुरी तिने लुगड्यासारख्या त्या कापडाला पुसली,
कांगा म्हणतात, त्यावर काहीतरी म्हण छापलेली,
धुऊन धुऊन अर्धी गेलेली.
मग डावा हात माझ्यापुढे धरला.
"यातलं घ्या. उजवा कामाचा आहे."

आज घ्यायचं नव्हतं. यादीत तिचं नावही नव्हतं.
तरी मी शीर शोधत बसलो,
अंगठ्याने दाबून,
बराच वेळ.