उजवा जबडा : नाही

सावई-वेर्‍याच्या कुळागरात
मिरवेलीचं एक पान कडेनं वळलं होतं,
विडी वळतात तसं.
पुतू गावड्यानं ते नखानं उलगडलं
आणि आतले काळे स्वल्पविराम चालू लागले.
"ही धुल्ल न्हय गे बाय," तो म्हणाला, "ही चलता."

त्यातली एक आता फोंड्याला आहे,
कॉलेजच्या माडीवर, काचेवर, बाल्समच्या एका थेंबात.
आधी तिला कॉस्टिकमध्ये ठेवलं रात्रभर;
खाल्लेलं सगळं हिरवं निघून गेलं.
मग मद्यार्क, मग लवंगेचं तेल.
खोलीला अजून दातांच्या दवाखान्याचा वास आहे.

प्राध्यापक कुलासो सांगतात, मी काढते.

लांबी दोन पूर्णांक तीन मिलिमीटर,
म्हणजे दीड मोहरी.
डोकं रुंदीहून लांब.
डोळे दोन, आणि मधे तीन साधे,
त्रिकोणात, चुलीच्या दगडांसारखे.
शृंगिका आठ पेरांच्या; तिसरं पेर पिवळं,
चौथ्यावर संवेदनेचे तीन सुळके,
(मी दोन मोजले होते. पुन्हा मोजले.)

पंख म्हणजे पडदा नव्हेच,
एक काठी, दोन्ही कडांना केस,
वाळवून ठेवलेलं माडाचं चुडत.
अशा केरसुणीनं उडतं कसं कुणी?
कुलासोबाई म्हणाल्या, तिच्या मापाला हवा
काकवीसारखी घट्ट.
ती उडत नाही, वल्हवते.

पाऊल टेकलं की टोकाला फुगा येतो,
उचललं की विरतो.
काचेवर पाऊल टेकत नाही.
फुगा काढला नाही.

तोंड वाकडं.
खाली झुकलेला एक शंकू, एका अंगाला कललेला.
डावा जबडा : एक, सुईसारखा.
उजवा जबडा : नाही.
तुटला नाही, झिजला नाही,
अंड्यातच विरून जातो, सगळ्या फुलकिड्यांचा,
जगभर.
सूक्ष्मदर्शकात डावं उजवीकडे दिसतं,
म्हणून तीनदा तपासलं.
डावाच.

माझ्या आत्यानं या मनगटाला सुतळी बांधून
उजव्यानं श्री गिरवायला लावला होता.
देवळात भटांनी पुढे आलेली ओंजळ
नुसत्या भुवईनं परतवली.
उजवा शिकला : जेवायला, तीर्थ घ्यायला,
नमस्कारात अर्धा वाटा उचलायला.
हे चित्र डाव्यानं काढलेलं आहे.
'साहित्य आणि पद्धती'त तसं लिहीत नाहीत.

नावाचं अजून ठरत नाही.
पुतूचं द्यावं असं कुलासोबाईंच्या मनात आहे,
लॅटिन शेपूट लावून.
त्याला विचारलं तर पोफळीवरूनच ओरडला,
"म्हज्या नांवाचो किडो? घरकान्न हांसतली!"
मग सुपार्‍यांचा घोस खाली सोडून,
जरा वेळानं,
"बरोवपाक मात चुकूं नाकात."

पोटाचे खंड दहा. शेवटचा नळीसारखा,
टोकाला केसांचं कडं.
सातव्याच्या मागे, पारदर्शक कातडीतून,
एक अंडं दिसतं.
कॉस्टिकनं सगळं नेलं, हे ठेवलं.
पावट्याच्या बीसारखं, किंचित वाकलेलं,
तिच्या मानानं केवढं!
वर्णनात अंड्याला जागा नसते,
ते लक्षण नव्हे.
मी ठिपक्या-ठिपक्यांनी काढलं,
शाईच्या वेळी सोडून दिलं.
पेन्सिल नीट खोडलेली नाही.

नर : आढळला नाही.
पुतू म्हणतो पानं अजून आहेत, वेल उंच आहे,
शिडी आणतो.

मापाची रेघ तेवढी राहिली होती,
शून्य पूर्णांक एक.
ती ओढताना पट्टी
उजव्या हातानं दाबून धरली.
तेवढं त्याला छान जमतं.