पाणी मुरतंय कुठं

बेचाळीस वर्षं मी पंप राखला, सिस्टर यिल्डाउ.
दीड पुरुष खाली आहेत आमची कुरणं, समुद्राच्या.
गायी तळाला चरतात, बोटी डोक्यावरून जातात,
परक्याला याचं हसू येतं.
समुद्र आम्हांला पहिल्यापासून पाण्यात पाहतो.

पहाटे बंधाऱ्याच्या पायथ्याशी ओणवं व्हायचं,
चरातलं पाणी बोटावर घ्यायचं, जिभेला लावायचं.
खारट लागलं की समजायचं:
वर गवत हिरवं आहे, बांध ताठ उभा आहे,
पण खाली कुठंतरी पाणी मुरतंय.
पुढे लीउवार्डनच्या साहेबांनी काट्याचं यंत्र दिलं.
काट्यावर मी विश्वास ठेवला.
जीभही लावत राहिलो.

आणि त्या दिवशी तुम्ही माझंच पाणी मागितलंत.

त्याआधी डॉक्टरबाईंनी बोट घातलं. ते राहू दे.
छताच्या फरश्या छप्पन्न आहेत, मोजल्या.
ग्रंथी तीनदा डावीकडून दाबली, तीनदा उजवीकडून,
नमुना घेण्याआधी आम्ही चराचा गाळ ढवळतो तशी,
म्हणजे तळाशी बसलंय ते वर यावं.
मग म्हणाल्या, पहिली धार हवी. पहिलीच.

धार!
एकाहत्तराव्या वर्षी हा शब्दच उसनवारीचा.
तुम्ही नळ सोडून ठेवलात, शहाण्यासारख्या दाराबाहेर थांबलात,
आणि अख्ख्या तालुक्याचा पाऊस ज्यानं उपसला
त्याला तीस मिली जमवायला अकरा मिनिटं लागली.

रक्तातला आकडा चढलाय, हे आधीच कळलं होतं.
पण तो आकडा राखणीच्या कुत्र्यासारखा, बाई म्हणाल्या,
चोराला भुंकतो, पोस्टमनलाही भुंकतो.
बारा सुया मारून बघायचं, की आधी पाण्याला विचारायचं?
पाण्याला विचारा, म्हटलं. माझी त्याची ओळख आहे.

थोरला भाऊ विबे.
त्याला लाल दिसलं तेव्हा त्यानं झाकण लावलं
आणि साखळी ओढली.
वर्षभर ओढत राहिला. टिट्येलाही बोलला नाही.
आम्ही बांधाची भेग वहीत मांडणारी माणसं,
तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, सही.
अंगातल्या भेगेला त्या वहीत रकाना नव्हता.

तुम्ही समजावलंत त्यातलं मला एवढं कळलं:
ग्रंथीच्या पेशी झडतात, पाण्यात उतरतात,
त्यांच्या पोटात चिठ्ठ्या असतात, जनुकांनी लिहून घेतलेल्या,
लवकर विरणाऱ्या.
म्हणून ती नळी, तिच्यातलं औषध, पाच वेळा खालीवर.
पेशी बिघडली की काही चिठ्ठ्या फाजील लिहिते.
यंत्र त्या मोजतं.
वाचत नाही म्हणालात, नुसतं मोजतं.

घरी जाताना सायकल पुलावर थांबवली.
विबेच्या घराचा नाला तेव्हा माझ्याच चरात यायचा.
म्हणजे वर्षभर त्याच्या चिठ्ठ्या माझ्या दारावरून गेल्या,
मी जाळीवरचं शेवाळ काढत होतो,
आणि मीच त्या उपसून
समुद्रात टाकल्या.

सोळा दिवसांनी तुमचं पत्र आलं. शंभरात एकोणतीस.
फ्राउक्ये म्हणाली, म्हणजे आहे की नाही?
म्हटलं, एकोणतीस आहे.
ती रागावली, बटाटे सोलत बसली, गरजेपेक्षा जास्त सोलले.
खरं सांगू? एकोणतीसला मी पंप सुरू केला नसता.
झोपलोही नसतो.

काल रात्री तिसऱ्यांदा उठलो.
दिवा लावला नाही, अंगणात गेलो, कुंपणाशी.
पंप हल्ली आपोआप चालतो, माणूस लागत नाही,
तरी कान तिकडेच.
थांबली, आली, पुन्हा थांबली.
मी बोट धारेत धरलं.
जिभेला नाही लावलं, घाबरू नका.
कोमट होती. एवढंच कळलं.

स्कॅन मंगळवारी म्हणालात ना?
सकाळची वेळ मिळते का बघा.
दुपारी ओहोटी असते, मला बंधाऱ्यावर जायचं असतं.