नमुना क्रमांक ४१७

फेर्मिन न्यांकुपिल,
सोबत दुसरा अहवाल जोडला आहे.
पहिला तुम्ही नेलाच नाहीत.
त्यात लिहिलं होतं :
स्फुरद, एकूण – भरपूर.
स्फुरद, पिकाला मिळण्याजोगा – चार.
चार म्हणजे नाहीच म्हणा.

तेमुकोच्या या प्रयोगशाळेत
नऊ वर्षं मी हेच दोन आकडे
एकाखाली एक टाइप करते आहे.
ज्वालामुखीची राख, काळी, हलकी,
हातात घेतली तर निजलेल्या मांजरासारखी मऊ.
तिला तुम्ही त्रुमाओ म्हणता.
तिच्याजवळ सगळं असतं
आणि ती कुणाला काही देत नाही.
खत घाला, तेही गिळून बसते.
कणगी घरात, किल्ली विहिरीत.

छापील सल्ला ठरलेला :
हेक्टरी इतकी पोती, इतका चुना.
तो मी छापलाही होता.

पण ऑक्टोबरातल्या त्या गारठलेल्या सकाळी
तुम्ही आलात ते ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं
ल्युपिनचं झाड घेऊन,
मुळासकट, पांढऱ्या तुऱ्यासकट.
काउंटरवर आडवं ठेवलंत. म्हणालात,
"यालाही विचारा."

मी मूळ नळाखाली धरलं.
माती सुटेना.
बाटल्या धुवायच्या ब्रशासारखे झुबके,
केसाकेसाला राख बिलगलेली.
जांभळ्या जेलच्या बशीत ते अलगद निजवलं,
वर काच ठेवली
आणि तुम्हाला चहा विचारला.

परत आलो तेव्हा
जांभळ्यात पिवळं उमटलं होतं,
नेमकं झुबक्यांखाली,
आत कुणी लिंबू पिळत बसलं असावं तसं.
आम्ल तेच होतं, लिंबातलं.
झाड दिवसभर उन्हात जे कमावतं
त्यातला चौथा हिस्सासुद्धा
कधी कधी असा मातीत ओतून टाकतं.
तेही झुबका कोवळा असेतो,
दोन दिवस, फार तर तीन.
तेवढ्यात राखेची बोटं सैल पडतात,
एकेक कण सुटतो,
कुरकुरत.

तुम्ही बशीकडे बराच वेळ पाहिलंत.
मग म्हणालात,
"ओर्फेलिना अशीच होती.
बोलणं आंबट. आमच्यात कुणाला खपायचं नाही.
वडील जमिनीचे कागद दडवून बसले होते,
अठरा वर्षं.
आम्ही भाऊ गोड बोलून बोलून थकलो.
तिने एका जेवणात ते टेबलावर काढायला लावले,
मीठ मागावं तसे."
सांगताना तुम्ही हसला नाहीत.
मीही नाही.
मग बसची वेळ झाली,
चहा अर्धाच राहिला.

आता हा अहवाल.
ल्युपिन काढून त्याच जागी गहू पेरलात,
तिथली माती तुमच्या भाचीने आणून दिली.
मिळण्याजोगा स्फुरद – सहा.
सहा म्हणजे फार नाही.
पुतळा उभारावा इतकं तर नाहीच.
पण तिने फोनवर फोटो दाखवला :
कुंपणाच्या अलीकडे गहू तिच्या कमरेला,
पलीकडे, जिथे ल्युपिन नव्हता,
जेमतेम गुडघ्याला.
मी फोटो दोनदा मोठा करून पाहिला.
आकड्यांवर जगणाऱ्या बाईने
हे कबूल करू नये, पण केलं.

ती बशी अजून फ्रिजमध्ये आहे.
पिवळं पसरत पसरत काठाला टेकलं,
मग सगळं वाळून तडकलं.
मुळाचा आकार आता मलाच दिसतो.
सहकारी रोज म्हणतात, टाकून दे.

अहवालाच्या तळाशी 'शेरा' म्हणून एक रकाना असतो.
नऊ वर्षं मी तो कोराच ठेवत आले.
या खेपेला लिहिलं आहे :
चुना अर्धाच घाला.
ल्युपिन पुन्हा पेरा, मुळं तशीच राहू द्या.

मुळाच्या चाचणीचे पैसे लावलेले नाहीत.
दरपत्रकात ती नाही.