बादलीचा तळ

बंदीच्या दिवसांत बोटी झावळ्यांखाली शाकारलेल्या,
तेव्हा मिरकरवाड्यात, जाळी विणायच्या शेडमध्ये
आम्ही एकोणीस जणांनी पक्ष काढला.
वृत्तांत मी लिहिला. बर्फाच्या फॅक्टरीत लाद्या मोजतो,
म्हणून वही माझ्याकडे होती.
पुढून बर्फ, मागून पक्ष.

नावावरच रात्र गेली.
यशवंता बिर्जे म्हणाला, संघटना म्हणा,
पक्ष म्हटलं की लोक खिसा चाचपतात.
रुकय्या होडेकर कोळंबी सोलून फाटलेल्या बोटांना
तुरटी लावत होती. मान वर न करता म्हणाली,
"संघटना मागते. मागून झालं की वीस वर्षं."
मग पक्ष.

दोन्ही झेंड्यांची माणसं येऊन गेली.
एका झेंड्याचे ट्रॉलर, दुसऱ्याचं कोल्ड स्टोरेज,
आणि ट्रॉलरचा माल तिथेच जातो.
एकाने कामगार आघाडी देऊ केली, अध्यक्षपदासकट.
दुसऱ्याने शेडला पत्रे.
पत्र्यांवर आम्ही दोन तास बोललो, खोटं कशाला सांगू.
शेड गळत होती.

धनबहादुर खलाशी. घर नेपाळात, इथे मत नाही.
दहा रुपये वर्गणी ठेवून त्याने विचारलं,
मी बसू का?
नियम पहिला त्याच्यासाठी खरडला:
ज्याचा घाम या बंदरात पडतो, तो सभासद.
यशवंताने 'घाम' खोडून 'मजुरी' केलं.
बरं केलं.

चिन्ह मागितलं होडी. ती कुणाची तरी होती.
उरलेल्या यादीत पतंग, कंगवा, बादली.
बादली म्हटल्यावर कुणी हसलं नाही.
बायकांची मजुरी बादलीवर, भरली की एक बिल्ला.
आणि कंपनीची जर्मनची बादली
आतून ठोकून ठोकून पोट सुटलेली,
दर खेपेला किलोभर कोळंबी फुकट गिळणारी.
"चित्रात तळ सपाट काढा," रुकय्या म्हणाली,
"पट्टी धरून."

वॉर्डात एकशे त्रेसष्ट मतं. अनामत गेली.
निम्मी नाण्यांत भरली होती,
कारकुनाने दोनदा मोजून घेतली होती.
रात्री जिंकलेल्यांनी जेटीवर फटाके लावले,
हरलेल्यांनी त्यांचाच पेढा खाल्ला.
मी लाद्या मोजत होतो. दोनदा चुकलो.

सकाळी पाचच्या पाळीला सुलभा नाटेकर,
जी आमच्या एकाही सभेला आली नव्हती,
जिने मत कुणाला दिलं ते तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नाही,
तिने बादली पालथी घातली मुकादमासमोर
आणि तळावर पोराच्या दप्तरातली पट्टी ठेवली.
पट्टी डुलली.
ती काही बोलली नाही. तोही नाही.
मागे रांगेत चाळीस बायका, हातात कोळंबी,
कुणीच भरेना.

सोमवारी सभा. हजर: अकरा.
चहाची उधारी चौऱ्याऐंशी रुपये.
वहीची दोन पानं भिजून एकमेकांना चिकटली,
बर्फ कुठला आणि पक्ष कुठला ते वाचता येत नाही.
सुलभा अजून आलेली नाही.