तिरपी केस

भंगारवाल्यानं शिसं किलोवर घेतलं.
मी एक खिळा मागून घेतला :
एफ. छोटा. तिरपा.
डोकं अंगाबाहेर काढून बघणारा,
खिडकीतून कुणी गल्लीत डोकवावं तसा.
म्हणूनच तो सगळ्यांत आधी मोडायचा.
अख्ख्या केसमध्ये हा एवढाच धड उरलेला.

गुरुलिंगअप्पांनी ती केस हैदराबादहून आणली,
बंद पडलेल्या कुठल्याशा छापखान्यातून,
बिदरच्या गाडीत उदगीरपर्यंत मांडीवर घेऊन.
इंग्रजी अक्षरं.
केसाएवढ्या बारीक रेघा, मग एकदम भरलेलं वळण,
आणि पायाशी इवलीशी टाच.
उभ्या टायपाची टाच जमिनीत रुतलेली असते,
याची नुसती टेकलेली,
निघता निघता.

वाजिदभाई जुळारी. त्यांचे कायदे :
नळपट्टीच्या नोटिशीला तिरपं लावायचं नाही,
लोक भरणार नाहीत.
कोर्टाच्या कागदाला तर नाहीच नाही.
डॉक्टरच्या डिग्रीला चालतं.
साडीच्या दुकानाला चालतं,
पण फक्त नावाला, भावाला नाही.
"उभं अक्षर सांगतंय," म्हणायचे, "तिरपं बोलतंय.
और बोलनेवाला जरा झुकताच है ना."

मी समोर बसून पत्रिकांच्या घड्या घालायची.
स्टिकमध्ये खिळे उलटे, म्हणजे
कागदावर उजवीकडं कलणारं अक्षर
त्यांच्या अंगठ्याखाली डावीकडं कललेलं.
त्यांचे अब्बा कातिब, निजामाच्या कचेरीत,
बोरूनं उर्दू लिहिणारे.
"वही तरफ," म्हणायचे, आणि हसायचे.
ह्यात हसण्यासारखं काय
ते मला तेव्हा कळलं नाही.
आता अर्धंच कळतं.

आता मी चौबाऱ्यापाशी फ्लेक्स करते.
बटण दाबलं की परिच्छेदच्या परिच्छेद वाकतो,
मराठीसुद्धा :
शिरोरेघ वर तशीच आडवी,
खाली काने लटपटतात
भरल्या पिशव्या लटकवलेल्या दोरीसारखे.
वाकवलेलं आणि कललेलं,
यातला फरक गिऱ्हाईक विचारत नाही.
मीही काढत नाही विषय.

अप्पा गेले भर लग्नसराईत, ट्रेडल चालू असताना.
शिवगणाराधनेची पत्रिका वाजिदभाईंनीच जुळवली.
कुणाला हात लावू दिला नाही.
सगळं उभं : नाव, तिथी, वार, शोकाकुल.
एक मात्रा खाली सरकलेली,
तीही त्यांनी चिमट्यानं वर घेतली.

फक्त खाली कोपऱ्यात, आठ पॉइंटात,
मराठीला तिरपा टाइप नव्हता म्हणून
इंग्रजी अक्षरांत जुळवलेली एक ओळ,
अप्पा दारात येईल त्याला म्हणायचे ती,
वसुलीवाल्यालासुद्धा :
चहा सांगू का?

लोकांना वाटलं,
छापखान्याचं नाव असेल.