दुसऱ्या गाडीचे रॉड

रबाळे एमआयडीसी, गाळा नंबर एकोणीस.
शटर अर्धं खाली,
बाकावर कालचा पेपर, त्यावर
चार कनेक्टिंग रॉड, डिझेलने धुतलेले,
वाटा लावून मांडलेल्या बोंबलांसारखे.

घरतकाकांच्या टुरिस्ट गाडीतले.
पाच लाख किलोमीटर, पनवेल-शिर्डी-पनवेल.
गाडी तळोज्याच्या भंगारात वजनावर गेली,
रॉड मी वेगळे मागून घेतले.
भंगारवाला म्हणाला, लोखंडाला लोखंडाचाच भाव.
मी म्हटलं, दे.

इंजिन ऐरोलीच्या जोएल डिमेलोचं.
त्याला घाटातल्या शर्यतीत उतरायचंय
आणि त्याचे स्वतःचे रॉड
सहा हजारांपुढे भरवशाचे नाहीत.

कागदावर सोपं होतं.
लांबी तीन मिलिमीटर जास्त,
म्हणजे पिस्टन वर डोकं काढणार,
म्हणजे बुटका पिस्टन शोधा.
रॉडला पिन अठराची, पिस्टनला वीसची,
म्हणजे लहान डोळा मोठा करा,
ब्राँझचा बुश दाबा, रीमर फिरवा;
तेल लावलेली पिन आपल्याच वजनाने
हळू खाली आली पाहिजे,
दुपारच्या झोपेतून उठलेल्या माणसासारखी.
मोठा डोळा जाड. ग्राइंडरवर
दोन्ही अंगांनी पाव पाव मिलिमीटर.
पंगतीत एक पाहुणा वाढला
की सगळीच पानं सरकतात.

वजनाला माझा काटा पुरेना.
चौघांना घणसोलीला पोरवाल सराफांकडे नेलं.
'आधी हात पुसा,' ते म्हणाले,
आणि काचेच्या पेटीत, जिथे
मंगळसूत्राच्या वाट्या बसतात,
तिथे एकेक रॉड बसला.
तिसरा सगळ्यांत हलका.
हलक्यात भर घालता येत नाही,
उरलेल्या तिघांनाच त्याच्याइतकं व्हावं लागतं.
रात्री दीडपर्यंत घासत होतो.
चार ग्रॅम. दोन. अर्धा.
सकाळी परत सराफाकडे, हात पुसून.

कॅपची अदलाबदल करायची नाही.
ज्याची कॅप त्यालाच, नंबरासमोर नंबर.
हे मला कोचरेकर मिस्त्रींनी शिकवलं,
आईवरून शिव्या देत.

मग क्रँक हाताने फिरवली.
गुळगुळीत.
गुळगुळीत.
टक्.

पंखा बंद केला. परत फिरवली.
टक्.

दुसऱ्या नंबरचा बोल्ट
ब्लॉकच्या कडेला शिवत होता, केसभर.
मुलीच्या दप्तरातली हिरवी माती आणली,
बाकीच्या तीन जागी थापली, फिरवली, काढली,
ठसे मोजले. सगळीकडे जेमतेम.
हे कुठल्याच कागदावर नव्हतं.
कागद लांबी सांगतो, भोक सांगतो,
फिरताना खांदा किती जागा मागतो
ते सांगत नाही.
चार खाचा पाडल्या, श्वास धरून.
भिंतीपलीकडे पाण्याची वाट होती.

रन-इन संपलं त्या रविवारी
जोएलने पाय दाबला तेव्हा
घरतकाका दारात उभे होते,
इस्त्रीच्या शर्टात, न बोलावता.
तीन हजार. पाच.
शेजारच्या गाळ्यातला थिनरचा डबा
थरथरायला लागला.
साडेसात.
जोएल लहान मुलासारखा हसत होता.

काकांनी बॉनेटखाली वाकून पाहिलं.
'ह्यात माझं कुठलं?'
मी ब्लॉकवर हात ठेवला, चटका बसला, काढला.
'आत आहेत. दिसायचे नाहीत.'

ते तसेच वाकून ऐकत राहिले,
ओळखीचा आवाज काही सापडेना.
मग रुमालाने चष्मा पुसत म्हणाले,
'एवढा जोर होता, मला माहीतच नाही.
मी तीन हजारांवर कधी नेलीच नाही तिला.
मागे माणसं झोपलेली असायची.'